झाशीच्या पश्चिमेला

झाशीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे तिला बंगरा म्हणतात. ओरछ्याच्या बीरसिंह देवाने १६१३ साली हा किल्ला उभारला. पुढे १७४२ मध्ये पेशव्यांचे नारो शंकर इथे आले, त्यांनी तटबंदी वाढवली, खाली शहर वसवलं आणि कोकणातली, देशावरची कितीतरी मराठी घरं त्यांच्या मागोमाग बेतवेच्या या मुलखात येऊन स्थिरावली. माझ्या आत्याचं सासर त्यांतलंच. लहानपणापासून मी झाशीला येते आहे आणि किल्ल्यावर नेणारा प्रत्येक जण मला कडक बिजली तोफ दाखवतो, राणीने घोड्यासकट उडी घेतली म्हणतात ती जागा दाखवतो. मी बघते, हात जोडते. पण ओढ असते ती तटाच्या पायाशी उघड्या पडलेल्या खडकाची. ग्रॅनाइट. वाकून जवळून पाहिलं की त्यात गुलाबी फेल्डस्पारचे नखाएवढे दाणे दिसतात, त्यांच्या मधल्या फटींत धुरकट, अर्धपारदर्शक क्वार्ट्झ, आणि मध्येच काळ्या अभ्रकाचा चुरा. उन्हात मान जराशी वळवली की तो चुरा लुकलुकतो. चैत्रात दुपारी या खडकावर हात टेकवत नाही, आणि रात्री जेवणं उरकून शहर गच्चीवर येतं तेव्हाही त्याची धग पुरती निवलेली नसते.

आपण सह्याद्रीच्या काळ्या दगडावर वाढलेली माणसं. तो आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, आणि तेवढ्या आकड्यानेही आपल्याला गरगरतं. बुंदेलखंडचा हा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा आहे. सह्याद्रीचा लाव्हा वाहू लागला तेव्हाही हा खडक जवळजवळ आजच्याइतकाच म्हातारा होता.

या दगडावर वरून आग पडलेली झाशीने पाहिली आहे. १८५८ च्या मार्चअखेरीला ह्यू रोझच्या फौजेने शहराला वेढा घातला आणि एप्रिलच्या पहिल्या दिवसांत शहर पडलं. त्या वेढ्यात वरसईचे विष्णुभट गोडसे अडकले होते. दक्षिणा मिळवायला म्हणून घराबाहेर पडलेला हा कोकणातला भिक्षुक. नशिबाने त्याला बरोबर त्या दिवसांत झाशीत आणून ठेवलं. पुढे ‘माझा प्रवास’मध्ये त्याने तोफांचा मारा, लोकांची पळापळ, शहराची लूट हे सगळं लिहून ठेवलं. मराठीतलं ते पुस्तक मला फार जवळचं वाटतं, कारण भिणारा माणूस भीत भीत का होईना पाहत राहतो, मोजत राहतो आणि घरी पोचल्यावर पुढे कित्येक वर्षांनी आठवून कागदावर उतरवतो, हे त्यात दिसतं. आत्याच्या घरी त्याची जुनी प्रत आहे. झाशीतल्या मराठी घरांत ती असतेच म्हणा.

२०२० साली होळीला मी झाशीला आले, थोडी रेंगाळले, आणि टाळेबंदी लागली. परतीच्या गाड्या बंद. मग सगळा उन्हाळा त्या गच्चीवर. समोर बंगरा टेकडी, तिच्यावर काळोखा किल्ला. शहराचे आवाज मिटलेले. गाड्यांचा धूर नाही, त्यामुळे आकाश असं काही निवळलं होतं, की आत्याच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात जेवढे तारे होते तेवढे पुन्हा आले होते.

एप्रिल सरत आला आणि एका रात्री तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. “बघ बरं हे. भोपाळच्या वन्संनी पाठवलंय. एकोणतीस तारखेला म्हणे आकाशातून पहाड येणार आणि सगळं संपणार. खरं का गं?”

पहाड येणार होता हे खरंच होतं. त्या लघुग्रहाला नाव असं नाही, नुसता क्रमांक आहे: १९९८ ओआर २. हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरच्या दुर्बिणीने तो २४ जुलै १९९८ ला टिपला. व्यास सुमारे दोन किलोमीटर. सूर्याभोवतीची त्याची एक फेरी साधारण तीन वर्षं आठ महिन्यांची. त्या फेरीत २९ एप्रिल २०२० च्या दुपारी, आपल्या घड्याळात साडेतीनच्या आसपास, तो पृथ्वीपासून ६३ लाख किलोमीटरवरून जाणार होता. त्याचं नाव धोकादायक ठरू शकणाऱ्या लघुग्रहांच्या यादीत आहे, आणि निरोप लिहिणाऱ्याने नेमकं तेवढंच उचललं होतं.

मी तिला समजावून सांगू लागले. पृथ्वी म्हणजे एक मीटरचा गोळा, तो किल्ल्याच्या दरवाज्यात ठेवला. मग चंद्र तिथून तीस मीटरवर. आणि हा पहाड? बारीक रव्याच्या कणाहूनही लहान, अर्ध्या किलोमीटरवर, खाली शहराच्या गल्लीबोळांत कुठेतरी. तो कण त्या अंतरावरून निघून जाणार. आत्याने थोडा वेळ किल्ल्याकडे पाहिलं, मग खालच्या गल्ल्यांकडे. म्हणाली, “मग यादीत कशाला घातलं बिचाऱ्याला?”

तिचा हा प्रश्न मला अजूनही सगळ्यात शहाणा वाटतो. त्या यादीत जायला दोनच अटी लागतात. एक, लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून कुठेतरी ७५ लाख किलोमीटरच्या आत आलेली असावी. दोन, त्याचा आकार सुमारे १४० मीटरहून मोठा असावा. आज तो येणार का, उद्या आदळणार का, याच्याशी यादीला काही देणंघेणं नाही. कक्षा काही जन्माला आल्या तशा राहत नाहीत. ग्रहांची ओढ त्यांना हळूहळू हलवते, आणि उन्हाने तापलेला दगड रात्रीच्या बाजूने उष्णता सोडतो त्या इवल्याशा धक्क्यानेसुद्धा वर्षानुवर्षांत वाट बदलते. म्हणून ज्यांच्यावर नजर ठेवलीच पाहिजे, ज्यांची जागा पुन्हा पुन्हा मोजलीच पाहिजे, अशांची ती नोंदवही आहे. तिच्यात आज सुमारे अडीच हजार नावं आहेत. एक किलोमीटरहून मोठे जे पृथ्वीजवळचे लघुग्रह आहेत, त्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त सापडलेले आहेत आणि येत्या शंभर वर्षांत त्यांतला कुठलाही आपल्या वाटेत नाही. १४० मीटरच्या वरचे मात्र निम्म्याहून अधिक अजून सापडायचे आहेत. मला काळजी वाटते ती या न सापडलेल्यांची. सूर्याच्या बाजूने जे येतात ते दुर्बिणीला दिसतच नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर जो फुटला तो असाच आला, जेमतेम वीस मीटरचा, आणि खिडक्यांच्या फुटलेल्या काचांनी हजारावर माणसं जखमी झाली.

त्या एप्रिलमध्ये प्वेर्तो रिकोतल्या अरेसिबोची ३०५ मीटरची प्रचंड तबकडी १९९८ ओआर २ वर रडारलहरी सोडत होती. परतलेल्या लहरींतून त्याचं जे चित्र उमटलं त्यात एका बाजूच्या उंचवट्यांमुळे त्याने तोंडाला मास्क बांधल्यासारखं दिसत होतं. चित्र पाहणारे शास्त्रज्ञही मास्क बांधूनच बसले होते. आत्याला मी ते मोबाइलवर दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणी हसली आणि तिचा निरोपावरचा विश्वास तिथेच संपला. (त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची ती दुर्बीण कोसळली. इतकी वर्षं आकाशातल्या दगडांचा ठावठिकाणा काढणारं ते यंत्र मोडून पडलं याचं दुःख मला एखाद्या ओळखीच्या माणसाच्या जाण्यासारखं झालं.) एकोणतीसच्या आदल्या रात्री इटलीतल्या एका दुर्बिणीतून तो लघुग्रह थेट दाखवत होते. पडद्यावर स्थिर तारे आणि त्यांच्यात सरकणारा एक ठिपका, एवढंच. गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं, तरी आम्ही दोघी दक्षिणेकडे तोंड करून बसलो.

१९९८ ओआर २ पुन्हा कधी येणार तेही माहीत आहे. १६ एप्रिल २०७९ ला तो पावणेअठरा लाख किलोमीटरवरून जाईल, आतापेक्षा पुष्कळ जवळून. जवळजवळ साठ वर्षांनंतरचा दिवस ठरलेला. हे मी आत्याला सांगत होते आणि खाली रस्त्यावर तिच्या मुलाची मोटारसायकल थांबली. तो रक्स्याहून आला होता.

रक्सा हे शिवपुरीकडून येताना उत्तर प्रदेशात लागणारं पहिलं गाव. झाशी जिल्ह्याचा नाका तिथे आहे. मुंबई, ठाणे, नाशिक, सुरत इथून निघालेले मजूर त्या दिवसांत याच रस्त्याने घरी चालले होते, कुणी ट्रकच्या टपावर, कुणी मुंबईतली रिक्षा घेऊन थेट, आणि कितीतरी पायी. मे महिन्यात औरैयाजवळ ट्रकच्या अपघातात मजूर मेले, त्यानंतर पायी आणि ट्रकने येणाऱ्यांना अडवायचं ठरलं, आणि रक्स्याच्या नाक्यावर माणसांचा आणि गाड्यांचा लोंढा तुंबला. भाऊ शेजाऱ्यांबरोबर पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन जायचा. एकदा सांगत आला, की नाक्यावर एक बाई त्याच्याशी मराठीत बोलली. भिवंडीत यंत्रमागावर नवरा, तिथेच मुलं झाली, मुलांना गोरखपूरची भाषा धड येत नाही. याचं आडनाव ऐकून तिने विचारलं, “भाऊ, इथून पुढे किती राहिलंय?” गोरखपूर तिथून पाचशे किलोमीटरहून जास्त. हा गप्प राहिला.

त्याने हे सांगितलं ती रात्र मी विसरत नाही. ६३ लाख किलोमीटरवरून गेलेल्या एका दगडाचा २०७९ पर्यंतचा ठावठिकाणा माझ्या हातातल्या मोबाइलमध्ये होता. आणि आमच्या गच्चीपासून मोटारसायकलने सहज जाता येईल अशा रस्त्यावर किती माणसं चालत होती, किती पोचली, किती वाटेत गेली, याची नोंद कुणाकडे नव्हती. सप्टेंबरमध्ये लोकसभेत सरकारनेच सांगितलं की अशा मृत्यूंची आकडेवारी ठेवलेली नाही. मला खगोलशास्त्राबद्दल तक्रार करायची नाही, उलट. आकाशातल्या प्रत्येक मोठ्या दगडाची नोंद ठेवायची, हरवला तर पुन्हा शोधायचा, त्याची वाट चारदोन दुर्बिणींनी पडताळून पाहायची ही जी चिकाटी आहे ती माणसाच्या चांगुलपणाचंच एक रूप आहे असं मला वाटतं. कुणी तरी उठून ठरवलं की यातला एकही नजरेआड जाऊ द्यायचा नाही. तसं रक्स्याच्या रस्त्याबद्दलही ठरवता आलं असतं. ठरवलं असतं तर ते अवघडही नव्हतं.

त्याच दिवसांत वाचता वाचता मला कळलं, की पृथ्वीवर खरोखर आदळलेल्या एका मोठ्या लघुग्रहाची खूण याच रस्त्यावर पुढे आहे. झाशीपासून सरळ रेषेत मोजलं तर पन्नास किलोमीटरही भरणार नाही. इतकी वर्षं मी इथे येत होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

जायला जमलं ते पुढे, गेल्या हिवाळ्यात. रक्सा मागे टाकलं, दिनारा लागलं, मग करेरा. करेऱ्याचा किल्ला मराठी वाचकाला ठाऊक असायला हवा. १८५७ च्या जूनमध्ये पारोळ्याच्या सदाशिवरावांनी हाच किल्ला घेऊन स्वतःला झाशीचा राजा म्हणवलं होतं, आणि राणीच्या माणसांनी त्यांना इथून हुसकलं होतं. करेऱ्याच्या आसपासची माळरानं एके काळी माळढोकांसाठी राखीव होती. १९८१ मध्ये त्यासाठी अभयारण्य केलं. नव्वदच्या दशकानंतर तिथे माळढोक उरला नाही. आकाशातून काही पडावं लागलं नाही त्यासाठी.

करेऱ्याहून दक्षिणेला, पिछोरच्या अंगाला वळलं की रस्ता अरुंद होतो. दोन्हीकडे गहू आणि मोहरी, विहिरींवर पंप, बांधावर पळस. पावसाळ्यात हा भाग भुईमुगाचा. शेताच्या कडेला तेच झाशीचे गुलाबी ग्रॅनाइट, गोल झालेले मोठमोठे धोंडे. आणि मग समोर सपाट माथ्याची एक बुटकी, लांबट टेकडी. तिच्या पायथ्याच्या भागात ढाला नावाचं गाव आहे. त्याच नावाने हे विवर जगात ओळखलं जातं: ढाला.

लोणार पाहिलेल्या माणसाची इथे निराशा होईल. लोणारला कड्यावर उभं राहिलं की पावणेदोन किलोमीटरचा तो वाटोळा खड्डा एका नजरेत मावतो, तळाशी सरोवर असतं, सगळं काही सांगितल्याशिवाय कळतं. ढालाचा व्यास अकरा किलोमीटर आहे, म्हणजे लोणारच्या सहापट, आणि तरी खड्डा कुठेच नाही. हा आघात झाला तो १७० ते २५० कोटी वर्षांपूर्वी कधीतरी. विवराची कडा झिजून गेली. मधल्या खळग्यात गाळ साचत राहिला, त्या गाळाचा दगड झाला, वर विंध्य पर्वतातल्यासारखा वाळूचा खडक चढला. मग भोवतालचा ग्रॅनाइट झिजत खाली गेला आणि भरलेला खळगाच वर राहिला. समोर दिसते ती सपाट टेकडी म्हणजे त्या जुन्या विवरातला भराव. जिथे सगळ्यात खोल होतं तिथे आज सगळ्यात उंच आहे.

अणुखनिज विभागाचे भूवैज्ञानिक युरेनियमच्या शोधात इथे फिरले होते, आणि मोहर गावाजवळच्या या वर्तुळाकार रचनेला त्यांनी जुन्या ज्वालामुखीचं कुंड मानलं होतं. तसं वाटणं स्वाभाविकच होतं. इथे टेकडीच्या भोवती, शेतांच्या बांधांवर, पगरा गावाच्या बाजूला जो खडक उघडा पडलेला आहे तो लाव्ह्यासारखाच दिसतो. मी एक तुकडा उचलला. तळहाताएवढा, काळपट तांबूस, खरखरीत. त्याच्या बारीक कणांच्या रेंद्यात ग्रॅनाइटचे टोकदार तुकडे अडकलेले. काहींच्या कडा वितळून बोथट झालेल्या, काही सुरीने कापल्यासारखे धारदार. एका कोपऱ्यात मला तोच नखाएवढा गुलाबी फेल्डस्पार दिसला जो बंगरा टेकडीवर दिसतो. फक्त इथे त्याचा रंग उतरलेला होता आणि त्याच्यातून तड्यांचं जाळं गेलेलं होतं. हे वितळणं पृथ्वीच्या पोटातून वर आलेलं नव्हतं. वरून आलेल्या धक्क्याने इथलाच ग्रॅनाइट काही क्षणांत वितळला आणि मोडक्या तुकड्यांना पोटात घेऊन थिजला.

हे सिद्ध केलं ते अलाहाबाद विद्यापीठाच्या जयंत कुमार पती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. २००५ मध्ये त्यांनी आघाताची बाजू मांडली आणि २००८ मध्ये वोल्फ उवे राइमोल्ड, क्रिस्तियान कोबर्ल या विवरांच्या जाणकारांबरोबर सविस्तर पुरावा दिला. पुरावा डोळ्यांना दिसत नाही. खडकाची कागदाहून पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की क्वार्ट्झच्या दाण्यात अगदी बारीक, एकमेकींना समांतर अशा रेघांचे संच दिसतात. ज्वालामुखी असा दाब देऊच शकत नाही. तो मिळतो आकाशातून आलेल्या दगडाच्या आघातात, किंवा अणुस्फोटाच्या चाचणीत. २०१७ मध्ये वितळलेल्या खडकाच्या रासायनिक तपासणीत त्या पाहुण्याचा अंशही मिळाला. भूमध्य समुद्र आणि आग्नेय आशिया यांच्या मधल्या एवढ्या पट्ट्यात आजवर ओळखलेलं सगळ्यात मोठं आघातविवर हेच. विवर दगडाच्या दहा-वीस पट होतं हा ढोबळ हिशेब धरला तर इथे जे आलं ते अर्ध्या ते एक किलोमीटरचं असावं, किंवा झिजून गेलेल्या कडेचा विचार करता थोडं मोठं. आमच्या गच्चीवरून आम्ही ज्याच्या दिशेने तोंड करून बसलो होतो तो मास्कवाला याहून मोठा होता.

मी बांधावर बसले. या सगळ्याला साक्षीदार कोणीच नव्हता, हे मला तिथे बसल्यावर नीट उमगलं. पृथ्वीवर तेव्हा सूक्ष्मजीव होते, डोळे नव्हते. तो प्रकाश, ती लाट, ती उकळी कुणालाही दिसली नाही, कुणी भ्यालं नाही, कुणी पळालं नाही. सगळं जे आहे ते दगडाने लिहून ठेवलं आणि दोनशे कोटी वर्षांनी अलाहाबादहून कुणी येऊन ते वाचलं. डायनासोरांना डोळे होते, पण दुर्बीण नव्हती. येणारं आधी दिसणं, त्याची तारीख काढता येणं, आणि गरज पडली तर त्याला हात लावता येणं, हे या ग्रहावर पहिल्यांदा आपल्या वाट्याला आलं आहे. जयंत नारळीकरांची ‘धूमकेतू’ ही कथा मी शाळेत असताना वाचली होती. पृथ्वीकडे येणाऱ्या धूमकेतूची वाट यान पाठवून बदलायची, ही तेव्हा कल्पना होती. २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट नावाचं यान डायमॉर्फस या १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, आणि त्याच्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीच्या, पावणेबारा तासांच्या वर असलेल्या फेरीतली बत्तीस मिनिटं कमी झाली. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. हे घडलेलं त्यांनी पाहिलं याचं मला समाधान आहे.

२०२५ च्या सुरुवातीला आपली मुंबईसुद्धा एकदा हिशेबात आली होती. २०२४ वायआर ४ हा साधारण साठ मीटरचा दगड डिसेंबर २०३२ मध्ये आदळण्याची शक्यता फेब्रुवारीत तीन टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्टा होता पूर्व प्रशांत महासागरापासून आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून थेट दक्षिण आशियापर्यंत. काही दिवसांत आणखी निरीक्षणं जमली, कक्षा नेमकी झाली आणि पृथ्वीपुरता तो धोका मावळला. अनेक लोकांनी वैतागून म्हटलं, मग आधी घाबरवलं कशाला? मला मात्र या प्रकरणात विश्वास ठेवावा असंच दिसलं. जे माहीत होतं ते सांगितलं, जसं कळत गेलं तसं बदललं, काही लपवलं नाही.

“जिज्जी, का ढूंढ रईं?”

बांधापलीकडे एक पोरगा उभा होता. शाळेचा गणवेश, खांद्यावर दप्तर, हातात बोरं. त्याच्या मागे आणखी दोघं. मी त्यांना दगड दाखवला आणि माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की फार फार पूर्वी आकाशातून एक पहाड इथे पडला होता. त्याने दगड हातात घेतला, उलटा-पालटा केला, परत दिला. हे त्याला ठाऊक होतं. गावात मोठमोठ्या गाड्यांतून लोक येतात, दगड फोडून नेतात, आणि सांगतात की पहाड पडला होता. त्याला विचारायचं होतं ते वेगळंच. आता पुढचा कधी?

मी त्याला अपोफिस सांगितला. १९ जून २००४ ला सापडलेला, साडेतीनशे मीटरच्या आसपासचा, म्हणजे त्याच्या शाळेपासून शेवटच्या घरापर्यंत पसरला असता इतका. सापडला त्या वर्षाच्या शेवटी त्याच्या आदळण्याची शक्यता पावणेतीन टक्क्यांपर्यंत गेली होती. तेव्हा जग सुनामीने हादरलेलं होतं म्हणून फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे मोजत गेले तसतशी शक्यता घटली, आणि २०२१ मध्ये रडारने पुन्हा पाहिल्यावर निदान शंभर वर्षं तरी तो आदळणार नाही हे पक्कं झालं. पण येणार आहे. १३ एप्रिल २०२९, शुक्रवार. जमिनीपासून अवघ्या बत्तीस हजार किलोमीटरवरून, आपल्या दूरदर्शनचे उपग्रह जिथे फिरतात त्याच्याही आतून. एवढा मोठा लघुग्रह इतक्या जवळून जाताना पाहणं आजवर कुणाला लाभलेलं नाही.

“इतै सें दिखहै?”

इथून दिसेल का, एवढंच त्याला हवं होतं. मी त्याला नीट सांगायचा प्रयत्न केला. दुर्बीण लागणार नाही, डोळ्यांनी दिसेल. एखाद्या मध्यम ताऱ्याएवढा, पण सरकणारा. आधी तो आपल्या दक्षिणेला हिंद महासागरावर असेल, मग पश्चिमेकडे आफ्रिकेवर सरकेल. सगळ्यात जवळ येईल तेव्हा अटलांटिकवर असेल, आणि आपल्याकडे १४ तारखेची पहाट, सव्वातीन वाजलेले. तेव्हा तो आपल्याला दिसेलच असं नाही, म्हणून आधीच, रात्र पडल्यापासून पाहायला हवं. त्या दिवशी अमावास्या आहे, चंद्राचा उजेड आड येणार नाही.

“चौदा खों तो बाबासाहब की जयंती है!” मागच्यातला एक जण म्हणाला. त्यांच्या वस्तीत तेराच्या रात्रीच माळा लागतात, बारा वाजता निळे झेंडे घेऊन सगळे बाहेर पडतात, कुणी झोपत नाही. मग दिवे मालवायचे का, असा वाद तिघांत सुरू झाला. एकाचं म्हणणं जयंतीचे दिवे मालवायचे नाहीत, दुसऱ्याचं म्हणणं मग लांब जाऊन बघू. पहिल्याने हाताने दक्षिण दाखवली, मग पश्चिम. त्या बाजूला टेकडी आड येत होती. खालून काही दिसायचं नाही, वर माथ्यावर जावं लागेल, तिथे सपाट जागा भरपूर आहे, सगळं गाव मावेल, असं त्याने ठरवून टाकलं, आणि मला विचारलं की झाशीहून यायला किती वेळ लागतो.